कंपनीतील बदलाला कर्मचाऱ्यांचा विरोध: तो कसा समजून घ्यावा आणि कसा हाताळावा

कंपनीत नवी संगणक प्रणाली येते, विभागांची फेररचना होते, पाळ्यांच्या वेळा बदलतात किंवा दोन विभाग एकत्र केले जातात, तेव्हा व्यवस्थापनाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘लोकांना बदल नकोच असतो.’ हे वाक्य सोयीचे आहे, कारण त्यामुळे सगळा दोष माणसांच्या स्वभावावर ढकलता येतो आणि आपल्या आराखड्याकडे पुन्हा पाहण्याची गरज उरत नाही. वास्तविक तीच माणसे नवी यंत्रे आवडीने वापरतात, घर बदलतात, चांगली संधी मिळाली तर नोकरीही सोडतात. ज्या बदलात आपल्या हातचे काय जाणार हे स्पष्ट दिसते आणि पदरात काय पडणार हे मात्र धूसर असते, त्या बदलाला ती विरोध करतात. म्हणून ‘विरोध कसा मोडून काढावा’ या प्रश्नाने सुरुवात करण्यापेक्षा ‘हा विरोध नेमका कशाबद्दल आहे’ या प्रश्नाने सुरुवात केल्यास पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

हे मार्गदर्शन विभागप्रमुख, प्रकल्पप्रमुख आणि मनुष्यबळ विभागातील अधिकारी यांच्यासाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात. त्यांतल्या पहिल्या तीन घोषणेच्या आधीच्या आहेत, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक काम तिथेच होते किंवा बिघडते. समजुतीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, एका कंपनीने गोदामातील मालाची आवक-जावक वहीत लिहिण्याऐवजी स्कॅनरने थेट संगणक प्रणालीत नोंदवायचे ठरवले आहे. वरवर पाहता हा केवळ नोंद ठेवण्याच्या पद्धतीतला बदल आहे. त्यात किती माणसांचे काय काय गुंतलेले आहे ते पुढे दिसेलच.

पायरी १: कोणाचे काय जाणार याची नोंद करा

बदलाच्या आराखड्यात फायद्यांचे प्रकरण भरगच्च असते आणि तोट्यांचे प्रकरण बहुधा नसतेच. म्हणून सर्वप्रथम एक तक्ता करावा. त्याच्या प्रत्येक ओळीत एक भूमिका असावी, म्हणजे भांडारपाल, पाळीप्रमुख, माल उतरवणारे कामगार, हिशेब विभाग, खरेदी विभाग. प्रत्येक भूमिकेपुढे पगार आणि ओव्हरटाइम, कामाचे तास, अंगी असलेले कौशल्य, पत, स्वतःच्या निर्णयाने काम करण्याची मुभा, आणि ज्यांच्याबरोबर काम करण्याची सवय आहे त्या सहकाऱ्यांची सोबत यांपैकी काय कमी होणार आहे, हे लिहावे.

गोदामाच्या उदाहरणात हा तक्ता भरताना काही गोष्टी लगेच नजरेस येतात. कोणता माल कोणत्या कोपऱ्यात आहे हे भांडारपालाला तोंडपाठ असते, आणि त्यामुळेच खरेदी विभागापासून उत्पादन विभागापर्यंत सगळे त्याला विचारत येतात. स्कॅनर आल्यावर ते कोणीही पडद्यावर पाहू शकेल, म्हणजे त्याचा पगार तोच राहील पण त्याचे महत्त्व जाईल. दिवसभरात झालेली लहानसहान चूक पाळीप्रमुख संध्याकाळी वही बंद करण्यापूर्वी सुधारून टाकत असे. आता प्रत्येक चूक त्याच क्षणी, वेळेसह आणि नावासह नोंदली जाईल. महिनाअखेरचा ताळमेळ लावण्यासाठी हिशेब विभागातल्या ज्या दोघांना ओव्हरटाइम मिळत होता, तो बंद होईल. यांपैकी एकही जण ‘मला प्रगती नको’ म्हणत नसतो, पण प्रत्येकाकडे नाराज होण्याचे खरेखुरे कारण असते.

डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा असा की, तेवढ्याच मूल्याच्या लाभाने जितके समाधान होते त्यापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला अधिक वाटते. त्यामुळे ‘एकूण हिशेबात सगळ्यांचाच फायदा आहे’ हे म्हणणे खरे असले तरी पुरेसे नसते. शिवाय कंपनीचा एकूण फायदा आणि भांडारपालाचा व्यक्तिगत तोटा या दोन गोष्टी एकाच वहीत जमा-खर्च म्हणून मांडताही येत नाहीत.

या तक्त्याला जोडून दुसरा एक कागद करावा. जर्मनीत जन्मलेले आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन (१८९० ते १९४७) यांनी असे सुचवले होते की, कोणतीही स्थिती तिला पुढे ढकलणाऱ्या आणि मागे खेचणाऱ्या बलांच्या समतोलामुळे टिकून असते. कागदाच्या एका बाजूला बदलाला चालना देणारी कारणे आणि दुसऱ्या बाजूला अडवणारी कारणे लिहिली की आपला नेहमीचा मोह लक्षात येतो. आपण दबाव वाढवतो, म्हणजे अधिक आदेश, अधिक टार्गेट, अधिक सूचना देतो, आणि त्याने दोन्ही बाजूंचा ताण वाढतो. अडवणारे एखादे कारण दूर केले तर ताण न वाढवताच गाडी पुढे सरकते. पाळीप्रमुखाला धाक घालण्यापेक्षा ‘त्याच पाळीत दुरुस्त केलेली चूक वैयक्तिक मूल्यमापनात धरली जाणार नाही’ असा लेखी नियम करणे कितीतरी स्वस्त पडते.

पायरी २: काय ठरले आहे आणि काय ठरायचे आहे, हे वेगळे करा

घोषणेपूर्वी व्यवस्थापनाने स्वतःशीच प्रामाणिकपणे दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत ज्यावर आता चर्चा होणार नाही अशा गोष्टी असतील: वही बंद होणार, अमुक तिमाहीत होणार, खर्चाची मर्यादा अमुक. दुसऱ्या यादीत खरोखर खुल्या असलेल्या गोष्टी असतील: आधी कोणत्या विभागात सुरुवात करायची, माल उतरवताना स्कॅन करायचा की रचून झाल्यावर, रात्रपाळीत मदतीला कोण असेल, प्रशिक्षण कामाच्या वेळेत की बाहेर.

ही विभागणी केली नाही तर दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर सगळेच ठरलेले असताना ‘आपली मते कळवा’ असे परिपत्रक निघते, लोक मनापासून मते देतात, आणि त्यांतले काहीच घेतले गेले नाही हे कळल्यावर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. नाही तर उलटे होते. जे खरोखर बदलता आले असते तेही अंतिम म्हणून जाहीर होते आणि मग विरोध झाल्यावर त्यातून माघार घ्यावी लागते. अशी माघार मिळाल्यावर ‘जोर लावला की व्यवस्थापन नमते’ एवढाच धडा सगळे घेतात. दुसरी यादी अगदी रिकामी असेल तर सहभागाचे नाटक करू नये. निर्णय झाला आहे असे स्पष्ट सांगावे आणि त्याची कारणे द्यावीत, कारण तेही सन्मानाचेच वागणे आहे.

पायरी ३: पर्यवेक्षकांना सर्वांआधी विश्वासात घ्या

कर्मचारी मोठ्या सभेत भाषण ऐकतो आणि बाहेर आल्यावर आपल्या सुपरवायझरला विचारतो, ‘खरे काय आहे?’ त्या क्षणी सुपरवायझरने खांदे उडवले तर वरच्या भाषणाचा उपयोग शून्य. तरीही अनेक कंपन्यांत सुपरवायझरला बदलाची बातमी त्याच्या हाताखालच्या लोकांबरोबर, त्याच सभेत मिळते. त्याच्या दृष्टीने हा अपमान असतो आणि तो त्याची किंमत पुढे शांतपणे वसूल करतो.

म्हणून घोषणेच्या किमान काही दिवस आधी पर्यवेक्षकांची वेगळी बैठक घ्यावी. तिथे त्यांना आधी स्वतःचे प्रश्न विचारू द्यावेत. माझे पद राहणार का, माझे अधिकार काय असतील, माझे टार्गेट तेच राहणार का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय माणूस दुसऱ्याला धीर देऊ शकत नाही. त्यानंतर लोक जे प्रश्न विचारतील त्यांची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी, कारण ती त्यांना तुमच्यापेक्षा अचूक ठाऊक असते. ज्या प्रश्नाचे उत्तर आज नाही तिथे ‘हे अजून ठरलेले नाही, अमुक तारखेला सांगू’ असे म्हणण्याची मुभाही त्यांना स्पष्टपणे द्यावी. मधल्या फळीतल्या एखाद्या पर्यवेक्षकाचा बदलाला तात्त्विक विरोध असेल तर तो याच बैठकीत बाहेर आलेला बरा.

पायरी ४: घोषणा करताना वेळ द्या आणि कारण सांगा

कारण नीट सांगण्याने खरोखर फरक पडतो का, याचे एक बोलके उत्तर जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात करण्यात आली आणि तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती. कपातीच्या एका कारखान्यात कंपनीच्या प्रमुखांनी सविस्तर सभा घेऊन कारणे आकड्यांसह समजावली, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या कारखान्यात थोडक्यात निर्णय कळवून विषय संपवला. कपातीच्या काळात या दुसऱ्या कारखान्यात चोऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले, तर कारणे समजावलेल्या ठिकाणी ही वाढ बरीच कमी होती. कपात दोन्हीकडे सारखीच होती. याचा अर्थ समजावून सांगितले की लोक काहीही सोसतात असा मात्र नाही, कारण त्याही कारखान्यात कपातीचे दुष्परिणाम दिसलेच.

घोषणेत पुढील गोष्टी यायलाच हव्यात: आजची पद्धत का चालत नाही, कोणते पर्याय तपासले आणि ते का सोडले, कोणाच्या कामात नेमके काय बदलेल, नोकऱ्या जाणार असतील तर किती आणि कोणत्या निकषावर, आणि पुढची माहिती कोण, कोणत्या दिवशी देईल. ‘आजची पद्धत का चालत नाही’ हे सांगताना त्या पद्धतीने वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांची खिल्ली उडणार नाही याची काळजी घ्यावी. वहीच्या नोंदींवर कंपनी इतकी वर्षे उभी राहिली हे सत्य आहे आणि ते बोलून दाखवण्याने नव्या प्रणालीची बाजू कमकुवत होत नाही.

सगळ्यांना जे आधी जाणून घ्यायचे असते ते आधी सांगावे. नोकऱ्यांबद्दलचा प्रश्न मनात असेपर्यंत बाजारपेठेतील स्पर्धेवरचे सादरीकरण कोणी ऐकत नाही. नोकऱ्या सुरक्षित आहेत असे खात्रीने सांगता येत नसेल तर सांगू नये. खोटे आश्वासन सहा महिन्यांत उघडे पडते आणि त्यानंतरच्या कोणत्याही घोषणेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

इथे थोडे विषयांतर. बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात, हा आकडा सादरीकरणांत वारंवार दिसतो. मार्क ह्यूज यांनी २०११ मध्ये त्याचा माग काढला तेव्हा त्याला भक्कम पुरावा आढळला नाही. मायकल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी १९९३ मध्ये ५० ते ७० टक्के असा अंदाज दिला होता आणि तो शास्त्रीय नाही हेही त्यांनीच लिहिले होते. लोकांना घाबरवण्यासाठी किंवा सल्लागाराचे शुल्क मंजूर करून घेण्यासाठी हा आकडा वापरू नये.

पायरी ५: आक्षेप ऐका आणि त्यांचे प्रकार ओळखा

या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवावा, कारण ‘विरोध’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा असतो. जॉन कॉटर आणि लिओनार्ड श्लेसिंगर यांनी १९७९ मधील लेखात विरोधाची चार कारणे सांगितली आहेत: स्वतःचे काही मोलाचे गमावण्याची भीती, गैरसमज आणि अविश्वास, परिस्थितीचे वेगळे मूल्यमापन, आणि बदल पेलण्याची कमी क्षमता. ही चौकट आजही कामाची आहे, मात्र प्रत्यक्षात वापरताना गैरसमज आणि अविश्वास यांना वेगळे करावे, असे मला वाटते.

गैरसमज माहितीने दूर होतो. ‘स्कॅनरमधून आमच्या जागेवर नजर ठेवणार’ असे कोणी म्हणाले आणि त्या यंत्रात तशी सोय नसेल, तर यंत्र उघडून दाखवले की विषय संपतो. अविश्वास माहितीने दूर होत नाही. ‘मागच्या वेळीही असेच सांगितले होते’ असे कोणी म्हणत असेल तर त्याला आणखी एक सादरीकरण दाखवणे व्यर्थ आहे. मागच्या वेळी काय झाले ते मान्य करावे, आणि एखादे लहान, तारखेसह तपासता येण्याजोगे आश्वासन देऊन ते त्या तारखेला पाळून दाखवावे. अविश्वासावर दुसरा कोणताही जलद उपाय नाही.

तिसरा प्रकार खऱ्या नुकसानीचा. ज्याचा ओव्हरटाइम जाणार आहे त्याला समजावून काही उपयोग नाही, कारण त्याला सगळे नीट समजलेलेच असते. तिथे भरपाई, टप्प्याटप्प्याने कपात, दुसऱ्या कामातील संधी किंवा किमान पुरेशी आगाऊ सूचना, यांपैकी काहीतरी द्यावे लागते. खऱ्या नुकसानीला ‘मानसिकतेचा प्रश्न’ म्हणणे हे व्यवस्थापनाच्या हातून वारंवार घडणारे आणि सर्वांत महाग पडणारे वर्तन आहे.

चौथा प्रकार मतभेदाचा आहे, आणि तो सोन्यासारखा मोलाचा मानावा. माल उतरवणारा कामगार म्हणतो, ‘पावसात पेट्या ओल्या होतात, त्यावरचे लेबल फाटते, मग स्कॅन कसे करणार?’ हा विरोध नाही, ही आराखड्यातली त्रुटी आहे, आणि ती आराखडा करणाऱ्याला त्याच्या खोलीतून दिसणे शक्यच नव्हते. इंग्लंडमधील कोळसा खाणींचा अभ्यास करून एरिक ट्रिस्ट आणि केनेथ बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये अशीच गोष्ट मांडली. यांत्रिकीकरण झाले, पण त्याबरोबर एकमेकांना सांभाळून सगळी कामे करणाऱ्या लहान टोळ्या मोडल्या आणि कामाचे पाळीनिहाय तुकडे पडले. त्यानंतर गैरहजेरी आणि पाळ्यांमधील तंटे वाढले, आणि अपेक्षित उत्पादन मिळेना. कामगारांची तक्रार यंत्राबद्दल असण्यापेक्षा कामाच्या मोडलेल्या रचनेबद्दल होती.

पाचवा प्रकार असमर्थतेचा, आणि तो सहसा बोलून दाखवला जात नाही. २५ वर्षे सफाईने वही लिहिणाऱ्या माणसाला पडद्यावरची अक्षरे वाचताना त्रास होत असेल किंवा तरुण सहकाऱ्यांसमोर चूक होण्याची लाज वाटत असेल, तर तो ते कबूल करण्याऐवजी ‘ही प्रणालीच भंगार आहे’ असे म्हणेल. शब्द टीकेचे असले तरी गरज खासगीत, सावकाश शिकवण्याची असते.

प्रकार ओळखण्यासाठी उघड सभा पुरेशी नाही. पाच-सहा जणांचे लहान गट घ्यावेत आणि काही जणांशी एकेकट्याने बोलावे. ‘काही अडचण आहे का?’ असा प्रश्न विचारला की ‘नाही’ असेच उत्तर येते. त्याऐवजी ‘सोमवारपासून हे सुरू झाले तर पहिल्याच दिवशी कुठे अडेल?’ असे विचारावे. आलेला प्रत्येक आक्षेप नोंदवहीत घ्यावा. त्यासमोर प्रकार, जबाबदार व्यक्ती, उत्तराची तारीख आणि निर्णय लिहून ती नोंदवही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. आक्षेप घेणाऱ्याचे नाव त्यात लिहू नये. नाकारलेल्या आक्षेपापुढे नाकारण्याचे कारण मात्र अवश्य लिहावे.

बोलणाऱ्यांपेक्षा गप्प बसणाऱ्यांची काळजी अधिक करावी. बैठकीत सगळे माना डोलावतात आणि नंतर काम हलत नाही, जुनी वही ‘फक्त खात्रीसाठी’ समांतर चालू राहते, प्रशिक्षणाच्या दिवशीच नेमकी रजा येते, नियमावर बोट ठेवून काम संथ केले जाते, अनुभवी माणसे एकेक करून दुसरी नोकरी शोधू लागतात. तावातावाने भांडणारा माणूस अजून या कामाची फिकीर करतो, पण ज्याने बोलणेच सोडले त्याने बहुधा आतून अंग काढून घेतलेले असते.

पायरी ६: खुल्या गोष्टींत खरा सहभाग द्या

या विषयावरचा पायाभूत प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील हारवूड कंपनीच्या पायजमे शिवण्याच्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी कामाच्या पद्धतीत लहान बदल करताना वेगवेगळ्या गटांशी वेगवेगळे वागून पाहिले. एका गटाला केवळ बदल आणि नगावर मिळणाऱ्या मजुरीचा नवा दर कळवला. त्याचे उत्पादन पडले ते वर आलेच नाही, कुरबुरी वाढल्या आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगारांनी नोकरी सोडली. दुसऱ्या गटाने निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत नव्या पद्धतीची आखणी केली आणि तो सुमारे दोन आठवड्यांत सावरला. ज्या दोन गटांतील सर्वच जणांनी आखणीत भाग घेतला, ते आणखी लवकर सावरले आणि पूर्वीच्या उत्पादनाच्याही पुढे गेले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना अडीच महिन्यांनी पुन्हा नव्या कामावर नेताना सहभाग दिला, तेव्हा तेच लोक भराभर सावरले. माणसे तीच होती, वागवण्याची रीत बदलली होती.

तरीही सहभाग म्हणजे रामबाण नव्हे. नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात हाच प्रयोग केला, त्याचा अहवाल १९६० मध्ये आला, आणि तिथे उत्पादनात असा फरक दिसला नाही. संशोधकांनी सुचवलेल्या कारणांपैकी एक असे की, ज्या बाबतींत कामगारांना बोलू दिले त्या त्यांच्या दृष्टीने फारशा महत्त्वाच्या नव्हत्या. प्रणालीच्या नावासाठी स्पर्धा ठेवणे आणि पाळीतील कामाचा क्रम ठरवू देणे, यांत हाच फरक आहे. शिवाय जिथे कामगार संघटना आहे तिथे तिला वगळून थेट कामगारांची समिती नेमली तर तो सहभाग न ठरता संघटनेला शह ठरतो, आणि तसा तो वाचला जातो.

व्यवहारात एवढे करावे: प्रत्येक पाळीतून कामगारांनी निवडलेला एक जण घेऊन कामकाज गट करावा, त्याला दुसऱ्या यादीतील दोन-तीन प्रश्न निर्णयासाठीच सोपवावेत, कामाच्या वेळेतून त्यासाठी तास द्यावेत आणि गटाने दिलेला निर्णय अमलात आणावा. त्या गटात एक तरी कडवा टीकाकार असावा. त्याला गप्प करण्यासाठी मात्र घेऊ नये, कारण अशी चलाखी चार दिवसांत ओळखली जाते.

पायरी ७: शिकायला वेळ द्या आणि मंदावणारे काम आधीच गृहीत धरा

नवी पद्धत आली की सुरुवातीला काम मंदावतेच. सरावाने हात बसलेल्या कामगाराचाही वेग पहिले काही आठवडे कमी राहतो. याच काळात जुनेच टार्गेट आणि जुनाच इन्सेंटिव्ह चालू ठेवला तर शिकणाऱ्याच्या खिशाला थेट फटका बसतो आणि तो जुन्या पद्धतीकडे वळतो, यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून संक्रमणाच्या काळापुरते टार्गेट कमी करावे, किंवा मागील काही महिन्यांच्या सरासरीइतका इन्सेंटिव्ह निश्चित द्यावा. हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून दाखवावा. तो दाखवलेला नसेल तर तो कोणाच्या ना कोणाच्या पगारातून वसूल होतो.

प्रशिक्षण प्रत्यक्ष वापर सुरू होण्याच्या अगदी जवळ असावे आणि ते खऱ्या कामावर असावे. दोन महिने आधी वातानुकूलित सभागृहात घेतलेले शिक्षण गोदामात पोहोचेपर्यंत विसरले जाते. पहिले काही दिवस प्रत्येक पाळीत, रात्रपाळीतही, हाकेच्या अंतरावर मदतनीस ठेवावा आणि तो शक्यतो कामगारांपैकीच असावा. भांडारपालाची घसरलेली पत सावरण्याची हीच जागा आहे. मालाची वर्गवारी आणि जागांचे संकेतांक ठरवण्याचे काम त्याच्याकडे सोपवले तर त्याच्या डोक्यातील ज्ञान प्रणालीत येते आणि तो त्या प्रणालीचा जाणकार होतो.

पायरी ८: एका ठिकाणी करून पाहा, मग पसरवा

पहिला प्रयोग अगदी उत्साही विभागात करण्याचा मोह होतो, पण तिथल्या यशावर इतर लोक ‘त्यांचे काय, ते तसेच आहेत’ म्हणून विश्वास ठेवत नाहीत. सर्वसाधारण विभाग निवडावा. प्रयोगाचे निकष आधीच लिहून ठेवावेत, म्हणजे नोंदीतील चुका किती कमी व्हाव्यात, माल शोधायला किती वेळ लागावा, आणि कोणत्या परिस्थितीत प्रयोग थांबवायचा. इतर विभागांतील लोकांना तिथे नेऊन तिथल्या कामगारांशी, वरिष्ठांच्या गैरहजेरीत, बोलू द्यावे.

पायरी ९: वाटाघाटी कुठे आणि ठामपणा कुठे

सगळे विरोध चर्चेने मिटत नाहीत. ज्यांचे नुकसान खरे आहे आणि ज्यांच्या हातात बदल अडवण्याची ताकद आहे त्यांच्याशी उघडपणे वाटाघाटी कराव्यात. एकाला दिलेली सवलत उद्या सगळे मागणार हे धरून चालावे आणि म्हणून ती व्यक्तीला न देता भूमिकेला, लेखी निकषांवर द्यावी. अनेक देशांत कामाचे तास, वेतन किंवा सेवाशर्ती बदलण्यापूर्वी आगाऊ सूचना देणे किंवा संघटनेशी चर्चा करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याची तपासणी पहिल्या दोन पायऱ्यांच्या वेळीच झालेली असावी, आता नव्हे.

सक्तीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. सुरक्षिततेचा किंवा कायद्याचा प्रश्न असेल, वेळ अजिबात नसेल, तर आदेश द्यावा लागतो आणि तो द्यावा. ज्याला कारणे सांगितली, शिकवले, भरपाई दिली, वेळ दिला आणि तरीही जो मुद्दाम खोटी नोंद करतो किंवा इतरांच्या कामात खो घालतो, त्याच्याबाबतीत नेहमीची शिस्तभंगाची प्रक्रिया सुरू करावी. तिथे कच खाल्ली तर ज्यांनी कष्टाने नवी पद्धत शिकली तेच मूर्ख ठरतात. मात्र कारवाई वर्तनावर असावी, मतावर नाही. सभेत कठोर प्रश्न विचारणाऱ्याची पुढच्याच महिन्यात बदली झाली, तर ती योगायोगाने झाली असली तरी कोणाला खरे वाटणार नाही.

पायरी १०: जुना मार्ग बंद करा आणि बाकीची घडी बसवा

नवी पद्धत स्थिरावल्यावरही वही उपलब्ध असेल तर घाईच्या वेळी लोक वहीच उघडतील. म्हणून समांतर नोंदीची शेवटची तारीख आधीच जाहीर करून ती पाळावी, आणि वीज किंवा नेटवर्क गेल्यास काय करायचे याची वेगळी, छोटी पद्धत लिहून द्यावी. त्याचबरोबर मूल्यमापनाचे निकष, बढतीचे नियम आणि रोजचे रिपोर्ट नव्या पद्धतीशी जुळतात का ते पाहावे. वरिष्ठ अधिकारी अजूनही भांडारपालाला फोन करून साठा विचारत असतील आणि स्वतः पडद्यावर पाहत नसतील, तर खालच्या लोकांना नव्या प्रणालीचे महत्त्व कोणत्याही परिपत्रकाने पटणार नाही.

पुढील सहा महिने काही मोजक्या गोष्टी पाहाव्यात: प्रणालीबाहेर झालेल्या नोंदी, दुरुस्त केलेल्या नोंदी, गैरहजेरी, राजीनामे, आणि मदतनिसाला येणारे प्रश्न. प्रश्न एकदम शून्यावर आले तर खूश होण्याआधी गोदामात जाऊन बघावे, कारण लोक पारंगत झाले असतील किंवा त्यांनी खिशातल्या डायरीत खासगी नोंद ठेवायला सुरुवात केली असेल. आणि पाचव्या पायरीतली आक्षेपांची नोंदवही तेव्हा पुन्हा उघडावी. जे आक्षेप नाकारले होते त्यांतले किती खरे ठरले हे मोजून, ज्यांनी ते घेतले होते त्या पाळीला तसे सांगावे आणि त्यानुसार पद्धत दुरुस्त करावी. प्रयोगाआधी लिहून ठेवलेले निकष तोपर्यंतही पूर्ण होत नसतील, तर बदल मागे घेण्याचा किंवा मुळापासून नव्याने आखण्याचा निर्णय त्याच बैठकीत घ्यावा आणि तो पहिल्या घोषणेइतकाच वेळ देऊन, कारणांसह, सर्वांना सांगावा.